लाज कोणाला वाटावी?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



परमपूज्य महाराजांनी गेल्या गुरुवारच्या ऑनलाइन सत्संगात केलेल्या निरूपणाचं हे शब्दांकन. बेळगाव, फोंडा, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद इथल्या सर्व कुटुंब-ग्रुपांसाठी. सावकाश वाचावं, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावं.

*आलेला प्रश्न*

सज्जनहो, बडोद्याच्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांचे थोरले बंधू कित्येक वर्षं अमेरिकेत असतात. तिकडे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी कामगार दिनाची सुट्टी असते. त्या सुट्टीला टीव्हीवर रात्रभर, दिवसभर एक कार्यक्रम चालायचा. गाणी, नाच, विनोद. मधूनमधून आजारी मुलं दाखवायची, आणि लोकांनी घरून फोन करून पैसे सांगायचे. ताई लिहितात, "दादा दर वर्षी न चुकता पैसे द्यायचा. आजही त्या कार्यक्रमाचं नाव काढलं की त्याचे डोळे भरून येतात. पण त्याची मुलगी फिजिओथेरपीचं काम करते. ती म्हणते, बाबा, तुम्ही दिलंत ते चांगलंच केलंत, पण त्या कार्यक्रमानं माझ्या पेशंटांची मान खाली घातली. बापलेकीत जेवताना वाद होतो. महाराज, बरोबर कोण?"

फार चांगला प्रश्न आहे. आणि तो नुसता अमेरिकेचा नाही बरं का. तो फिरून फिरून आपल्याच दाराशी येणार आहे. पण आधी तो कार्यक्रम काय होता ते नीट समजून घेऊ. न समजता एखाद्या गोष्टीला नावं ठेवणं हे साधकाचं काम नव्हे.

*अखंड पहारा*

ह्या कार्यक्रमाला म्हणतात टेलिथॉन. टेलिव्हिजनमधलं 'टेलि' आणि मॅरेथॉनमधलं 'थॉन', असा तो जोडशब्द. मॅरेथॉन म्हणजे लांब पल्ल्याची शर्यत. तसा हा लांब पल्ल्याचा टीव्हीचा कार्यक्रम. १९४९ साली अमेरिकेत टीव्ही अजून नवा होता. तेव्हा मिल्टन बर्ल नावाचे विनोदी कलाकार कॅन्सरच्या संशोधनासाठी पैसे जमवायला १६ तास कॅमेऱ्यापुढे उभे राहिले. तिथून हा शब्द लोकांच्या तोंडी बसला.

पण ताईंच्या दादांच्या मनात जो कार्यक्रम आहे तो जेरी लुईस यांचा. हेही विनोदी नट, मोठे नाव. मस्क्युलर डिस्ट्रॉफी नावाचा आजार असतो. त्यात अंगातले स्नायू हळूहळू क्षीण होत जातात. धावणारं पोर अडखळायला लागतं, मग खुर्चीला लागतं. ह्या आजारासाठी काम करणाऱ्या संस्थेकरता जेरी लुईस यांनी १९६६ साली कामगार दिनाला न्यूयॉर्कच्या एका वाहिनीवरून कार्यक्रम केला, आणि दहा लाख डॉलरच्या वर पैसे जमले. पुढे तो देशभर गेला. २०१० पर्यंत ते स्वतः सूत्रसंचालन करत होते. मागे आकड्यांचा एक भला मोठा फलक असायचा. रक्कम वाढली की आकडा फिरायचा, ढोल वाजायचा, लोक टाळ्या वाजवायचे.

हे पैसे कुठे गेले? दवाखाने चालले, चाकाच्या खुर्च्या मिळाल्या, मुलांची उन्हाळी शिबिरं झाली, संशोधन झालं. १९८६ च्या सुमारास ह्या आजाराच्या एका प्रकाराचं मूळ असलेला जनुक सापडला, त्या शोधालाही ह्या संस्थेच्या पैशाचा हातभार होता. म्हणजे दादांचे डॉलर वाया गेले नाहीत.

पुढे बघा. दक्षिण अमेरिकेत चिली नावाचा देश आहे. तिथं १९७८ च्या डिसेंबरात डॉन फ्रान्सिस्को या नावानं ओळखले जाणारे टीव्ही निवेदक मारियो क्रूट्झबर्गर यांनी २७ तासांचा टेलिथॉन केला. अपंग मुलांच्या उपचारासाठी. ठरवलं होतं दहा लाख डॉलर जमवायचं. जमले दुपटीहून जास्त. लोक बँकेत जाऊन रांगेत उभे राहून पैसे भरत होते. आज त्या देशात अनेक शहरांत त्या पैशांतून चालणारी उपचार केंद्रं आहेत.

फ्रान्समध्ये १९८७ साली सुरू झाला. तिथली संस्था मूळची आजारी मुलांच्या आईबापांची. पहिल्या कार्यक्रमाला जेरी लुईस स्वतः गेले होते. त्या पैशांतून १९९० साली पॅरिसजवळ जेनेथॉन नावाची प्रयोगशाळा उभी राहिली, आणि दोन वर्षांत तिथल्या शास्त्रज्ञांनी माणसाच्या जनुकांचे सुरुवातीचे नकाशे तयार करून सगळ्या जगाच्या शास्त्रज्ञांना खुले केले. आईबापांच्या अश्रूंतून जगाला विद्या मिळाली. केवढी गोष्ट आहे!

आपल्याकडे अखंड हरिनाम सप्ताहात काय होतं? सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. एकाचा पहारा संपला की दुसरा उभा राहतो. रात्री दोन वाजता झोप अनावर होते, पण वीणा गळ्यात असते. त्या जागरणात ताकद असते. एका माणसाची सोय बाजूला राहते आणि सगळा गाव एका गोष्टीत गुंततो. टेलिथॉनमध्येही हेच होतं. एक माणूस २० तास जागा राहतो, आणि त्याच्याकडे बघून लाखो माणसं म्हणतात, अरे, हा आपल्या लेकरांसाठी जागतोय का? मग मी पाच डॉलर तरी देतो. थेंबे थेंबे तळे साचे. ते तळं खरंच साचलं. म्हणून दादांच्या डोळ्यांतलं पाणी खरं आहे. त्याला कोणी हसू नये.

*ती मुलं मोठी झाली*

आता पुतणीचं म्हणणं ऐका. तेही तितकंच लक्षपूर्वक ऐका.

टेलिथॉनमध्ये जी मुलं दाखवायचे ना, त्यांना 'जेरीची मुलं' म्हणायचे. गोड नाव. पण मुलं कायम मुलं राहत नाहीत. ती मोठी झाली, शिकली, वकील झाली, लेखक झाली. मिश्या फुटल्या तरी लोक त्यांना 'बिचारं पोर' म्हणूनच बघायला लागले. नोकरी मागायला गेले, की समोरच्याच्या डोळ्यांपुढे टीव्हीवरचं ते रडवणारं चित्र यायचं. त्याला वाटायचं, ह्याला काम कशाला, ह्याला मदत द्या.

इव्हान केम्प नावाचे एक वकील होते. त्यांना स्वतःला स्नायूंचा आजार होता, चाकाच्या खुर्चीत असायचे. ती संस्था उभी करायला ज्या आईबापांनी हात लावला, त्यांत त्यांचे आईवडील होते. म्हणजे हा घरचाच माणूस. त्यांनी १९८१ साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिला, की ह्या कार्यक्रमातून आमच्याविषयी कीव पसरते, आणि ती कीवच आमच्या वाटेतला धोंडा होते. पुढे हेच केम्प सगळ्यांना नोकरीत समान संधी मिळावी म्हणून असलेल्या सरकारी आयोगाचे अध्यक्ष झाले. १९९० साली अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा मोठा कायदा झाला, त्यामागच्या खटपटीत ते होते.

शिकागोचे माइक एर्विन आणि त्यांची बहीण, ही लहानपणी ह्याच कार्यक्रमाच्या जाहिरातीतली मुलं. मोठेपणी ती दोघं टेलिथॉनच्या विरोधात रस्त्यावर उभी राहिली. आपल्या गटाला त्यांनी नाव दिलं 'जेरीची अनाथ मुलं'. त्याला कारणही घडलं होतं. १९९० साली जेरी लुईस यांनी एका मासिकात लेख लिहिला. आपल्याला हा आजार असता तर काय झालं असतं अशी कल्पना केली, आणि आपण अर्धेच माणूस आहोत असं वाटलं असतं अशा अर्थाचं लिहून गेले. हेतू वाईट नव्हता. प्रेमानंच लिहिलं होतं. पण खुर्चीत बसून ते वाचणाऱ्याच्या काळजात काय झालं असेल?

लंडनला १९९२ साली टीव्ही स्टुडिओच्या बाहेर हजाराच्या वर अपंग माणसं जमली. म्हणाली, आम्हाला हक्क हवेत, दया नको. त्या वाहिनीचा टेलिथॉन त्यानंतर पुन्हा झाला नाही.

आता सांगा, ही माणसं कृतघ्न होती का? पैसे घेतले आणि उलटली, असं म्हणायचं का? नाही माउली. तहानलेल्याला पाणी दिलं आणि देताना त्याच्या तोंडावर फेकलं, तर तो पाणी पिईलही. पण त्याचं तोंड ओलं झालेलं असतं, ते तो विसरत नाही.

*शास्त्र काय सांगतं*

गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. आपण ते पाठ करतो, पण एका ठिकाणी थांबत नाही. सात्त्विक दान ते, जे कर्तव्य म्हणून, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसाला, परतफेडीची आशा न धरता दिलं जातं. राजस ते, ज्यात फळावर डोळा असतो, किंवा देताना जीव तुटतो. आणि तामस? आपल्याला वाटतं तामस म्हणजे वाईट कामाला दिलेलं दान. तेवढंच नाही. भगवंतांनी तिथं सत्कार न करता दिलेलं, अवज्ञा करून दिलेलं, हेही घातलं आहे. बघा हं! पैसा चोख, माणूस गरजू, काम चांगलं. पण देताना घेणाऱ्याचा मान राखला नाही, तर त्या दानात तमाचा अंश शिरला.

आणि उपनिषदाकडे गेलात तर आणखी आश्चर्य आहे. तैत्तिरीय उपनिषदात शिकून घरी निघालेल्या शिष्याला गुरू शेवटचा उपदेश करतात. कसं द्यावं हे सांगताना श्रद्धा सांगतात, आणि त्याच ओघात लाज सांगतात. द्यावं ते लाजत द्यावं. कोणी लाजावं? देणाऱ्यानं! का? कारण एवढ्या मोठ्या दुःखापुढे माझे हे थोडेसेच. कारण माझं म्हणून जे आहे, ते माझं नाहीच. त्याचंच त्याला परत देतोय, तेही उशिरा.

आजच्या चिंतनाचं सार एवढंच आहे. *लाज देणाऱ्याला वाटावी, घेणाऱ्याला नाही.* टेलिथॉनमध्ये पैसा कमी पडला नाही, प्रेमही कमी पडलं नाही. लाज मात्र चुकीच्या माणसाच्या पदरात पडली. देणाऱ्याचं नाव फलकाखाली उजळलं आणि घेणाऱ्याचं पांगळेपण दिव्याखाली आलं.

*आपल्या मातीतली दोन माणसं*

गाडगे महाराजांना आठवा. अंगावर चिंध्या, हातात खराटा, डोक्यावर नाहीतर हातात ते मडक्याचं खापर. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथं गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. लाखो रुपये ह्या माणसाच्या शब्दावर जमले. आणि स्वतः? त्याच खापरात मागून आणलेली भाकर. कोणाला पायाला हात लावू द्यायचे नाहीत. मागणारा आधी स्वतः गाव झाडायचा आणि मग कीर्तनाला उभा राहायचा. मागण्याची लाज त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतली. धर्मशाळेत उतरणाऱ्या गरिबाला कधी स्टेजवर उभं केलं नाही.

दुसरे बाबा आमटे. योगायोग बघा, तिकडे १९४९ साली पहिला टेलिथॉन गाजला, आणि त्याच साली इकडे वरोऱ्याला बाबांनी महारोगी सेवा समिती काढली. ज्यांची बोटं झडली, ज्यांना घरच्यांनी बाहेर काढलं, त्यांच्या हातात बाबांनी कुदळ दिली. भीक माणसाला खाली ओढते आणि काम त्याला उभं करतं, हा त्यांचा विचार. त्या हातांनी विहिरी खणल्या, शेती पिकवली, कापड विणलं. पुढे त्याच आनंदवनात महाविद्यालय उभं राहिलं आणि गावातली धडधाकट मुलं तिथं शिकायला आली. ज्यांना समाजानं टाकलं त्यांनी समाजाच्या पोरांना विद्या दिली! आनंदवनाचा 'स्वरानंदवन' नावाचा वाद्यवृंद आहे. अंध, अपंग, कुष्ठमुक्त कलाकार त्यात गातात, वाजवतात. तेही स्टेजवर येतात, लोक तिकीट काढून बघतात. पण तिथं बघणारा रडून पैसे देत नाही, टाळ्या वाजवून देतो. स्टेज तेच, पण वर कोण कशासाठी उभा आहे, ते बदललं.

*आता आपल्या दाराशी*

आता मी म्हटलं होतं ना, प्रश्न आपल्या दाराशी येणार. आला.

आपल्यातल्याच एका माउलीचं पत्र माझ्याकडे आहे. गाव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाचं मोठं ऑपरेशन होतं. आपल्या ग्रुपांमध्ये संदेश फिरला, नळ्या लावलेल्या पोराचा फोटो फिरला. चार दिवसांत पैसे जमले, ऑपरेशन झालं, पोरगा वाचला. आता नववीत आहे. आई लिहिते, "महाराज, ज्यांनी दिलं त्यांच्यासाठी मी रोज दिवा लावते. पण तो फोटो अजून फिरतोय. परवा एका लग्नात एक बाई त्याला बघून म्हणाल्या, अगं बाई, तूच का तो? आम्ही पाचशे दिले होते तुझ्यासाठी! पोरगा पानावरून उठला. आता सत्संगाला चल म्हटलं तरी येत नाही."

बाईंच्या मनात काही वाईट नव्हतं. आनंदच झाला होता त्यांना. पण पोराचं पान तसंच राहिलं.

आणि दुसरं. निधी जमवताना ग्रुपवर नावांची आणि आकड्यांची यादी पडते. पाच हजार, अकरा हजार, एकवीस हजार. खाली टाळ्यांचे हात, फुलं. ज्याची पेन्शन तुटपुंजी आहे, त्या काकांनी एकावन्न रुपये काढून ठेवलेले असतात. यादी बघून ते पाठवत नाहीत. काही तर गुपचूप ग्रुपमधून बाहेर पडतात. हा आपल्या घरचा आकड्यांचा फलक आहे, माउली. ढोल तेवढा वाजत नाही.

तुम्ही म्हणाल, महाराज, फोटोशिवाय लोक देत नाहीत. खरं आहे. फोटोनं काळीज लवकर विरघळतं. पण फोटोनं विरघळलेलं काळीज लवकर आळतंही. टेलिथॉनवाल्यांचा अनुभव तोच आहे. भरात फोनवर शब्द दिलेले सगळेच पैसे हातात येत नाहीत. बोलाची कढी आणि बोलाचाच भात. शिवाय जुन्या फोटोंना नवा क्यूआर कोड लावून लुबाडणारेही निघालेत. म्हणून शास्त्रानं देश, काल, पात्र बघायला सांगितलं. बघायचं कशाला? पेशंटच्या चेहऱ्याला नव्हे. हॉस्पिटलचा खर्चाचा कागद बघा, ओळखीच्या माणसाची खात्री बघा.

आणि तरीही कमी पडले तर? पुन्हा मागू. आणखी चार दारं हिंडू. मागताना मान खाली जायची असेल तर आपली जाऊ दे, त्या पोराची नको.

*ताईंना उत्तर*

बडोद्याच्या ताई, तुमच्या दादांना माझा नमस्कार सांगा. म्हणावं, तुम्ही दिलेलं पोचलं. आणि त्यांच्या लेकीलाही आशीर्वाद सांगा. तिला म्हणावं, बाबांनी हात पुढे केला, आता तो हात कसा धरायचा ते तू दाखवते आहेस. दादांकडे दया आहे, लेकीकडे मान राखणं आहे. दयेशिवाय कोणी पुढे येत नाही, आणि मान राखल्याशिवाय आलेली मदत पचत नाही. दोघांनी एकदा मिळून कोणाला तरी द्यावं, आणि देण्याआधी त्या माणसालाच विचारावं, तुम्हाला काय हवं आहे? एवढं केलं की जेवणावरचा वाद मिटेल.

*आजपासूनचा नियम*

महाराजांच्या आज्ञेनं सर्व ग्रुपांसाठी:

१. मदतीच्या संदेशात आजारी माणसाचा फोटो टाकायचा नाही. पूर्वीचे जे कोणाच्या फोनमध्ये असतील ते आज रात्रीच काढून टाकावेत, पुढे पाठवू नयेत.

२. गरज खरी आहे का, हे त्या गावच्या दोन ज्येष्ठ साधकांनी भेटून बघावं. पैसे शक्यतो थेट हॉस्पिटलच्या खात्यात भरावेत.

३. नावं आणि रकमा ग्रुपवर येणार नाहीत. फक्त एकूण जमा आणि एकूण खर्च कळवला जाईल. एक रुपया देणारा आणि एक लाख देणारा, दोघांना एकच उत्तर: "पोचले, जय गुरुदेव."

४. पैसे नसतील त्यांनी वेळ द्यावा. हॉस्पिटलात रात्र काढणं, डबा पोचवणं, बरं झाल्यावर काम मिळवून देणं, हेही दानच आहे.

५. ज्याला दिलं, त्याला पुन्हा त्याची आठवण करून द्यायची नाही. लग्नात नाही, मुंजीत नाही, कधीच नाही.

आणि शेवटचं. ज्या माउलीनं पत्र लिहिलं, तिच्या लेकराला एक निरोप आहे. बाळा, पुढच्या महिन्यात पालखी आहे. पखवाज शिकतोयस असं आईनं लिहिलंय. पालखीला वाजवायला कोणीतरी हवं आहे. तू आलास तर आमच्यावर उपकार होतील. कोणी तुला ओळखणार नाही, आणि ओळखलंच तर "आमचा पखवाजवाला" एवढंच म्हणतील.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त 🙏

_हे निरूपण आपल्या कुटुंब-ग्रुपमध्ये वाचून झाल्यावर पहिल्या नियमाचं पालन झाल्याचं ग्रुपप्रमुखांनी रविवारपर्यंत कळवावं. पुढच्या गुरुवारी सत्संग नेहमीच्या वेळी._